आधी घरातलं विचारा, मग गोळी लिहा

गेल्या महिन्यात मुलाच्या शाळेत पालकसभा होती, विषय होता मुलांमधलं डिप्रेशन. बोलायला आलेल्या बाई छान बोलल्या, पण प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि पाच मिनिटांत सभागृहाचे दोन तट पडले. एक बाबा उठून म्हणाले की ही औषधं म्हणजे विष आहे, अमेरिकेत खोक्यावर काळी चौकट छापून इशारा देतात आणि आपल्याकडे पोरांना चणेफुटाणे दिल्यासारख्या गोळ्या देतात. मागून एक ताई उठल्या, त्यांच्या मुलाला गोळ्यांनी खरंच बरं वाटलंय, त्या अगदी रडवेल्या होऊन म्हणाल्या की तुमच्यासारख्या लोकांमुळेच आयाबाया घाबरून मध्येच औषध बंद करतात आणि पोरं हातची जातात. टाळ्या दोघांनाही पडल्या. टीव्हीवरच्या चर्चेतही हेच होतं, व्हॉट्सअॅपवर हेच फिरतं, आणि दरवेळी मला तेच वाटतं की हे दोघंही मनापासून बोलतायत पण भांडण चुकीच्या जागी चाललंय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मुलांना डिप्रेशनची गोळी द्यावी की नाही, हा प्रश्न असा सरसकट विचारला तर त्याला उत्तरच नाही. कुठल्या मुलाला देतोय, देण्याआधी त्याच्या घरातलं काय काय विचारलं, आणि दिल्यावर पहिले सहा आठवडे त्याच्याकडे कोण बघणार आहे, या तीन गोष्टी माहीत नसतील तर तीच गोळी एका पोराला शाळेत परत आणते आणि दुसऱ्याला थेट उन्मादात ढकलते. धोका आहे, खरा आहे, आणि तो कमी करता येतो. पण तो कमी करायची जागा औषधाच्या दुकानात नाही, डॉक्टरांच्या टेबलासमोरच्या पहिल्या पंधरा मिनिटांत आहे.

आता हे उन्माद प्रकरण काय ते नीट सांगायला हवं, कारण सभेत निम्म्या लोकांना तेच माहीत नव्हतं. बायपोलर म्हणजे मन कधी खोल खाली जातं आणि कधी भलतंच वर. वर जातं त्याला मेनिया किंवा उन्माद म्हणतात, शब्द आपल्याकडे जुनाच आहे, चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितलेत. घोळ असा आहे की बऱ्याच जणांमध्ये हा आजार आधी खालच्या टोकाने सुरू होतो, म्हणजे पहिली एक-दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ दिसतं ते नुसतं डिप्रेशन. मूल गप्प आहे, जेवत नाही, मार्क घसरलेत, खोलीतून बाहेर येत नाही. त्या दिवशी कुठलीही रक्ततपासणी किंवा स्कॅन करून सांगता येत नाही की हे साधं डिप्रेशन आहे की बायपोलरची पहिली पायरी. डॉक्टर डिप्रेशनची गोळी देतात, जी त्यांच्या समोरच्या चित्राला धरून बरोबरच असते, आणि बायपोलरकडे कल असलेल्या काही मुलांमध्ये ती गोळी, सोबत मूड धरून ठेवणारं औषध नसेल तर, मनाला नुसतं वर उचलत नाही तर छप्पर फोडून बाहेर काढते. अमेरिकेतल्या सुमारे 88 हजार मुलं आणि तरुणांच्या नोंदींवर 2004 मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, वय 5 ते 29, त्यात हा धोका सगळ्यात जास्त दिसला 10 ते 14 या वयात. म्हणजे पाचवी ते नववी. नेमकं ते वय ज्यात आपण म्हणतो की वयात येतायत, होतं असं.

मी हे पुस्तकात वाचून शिकले नाही. माझ्या मावसबहिणीची मुलगी, तेरा वर्षांची, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात ते. आठवीत असताना पोरगी चार महिने मिटून गेली होती. तिथल्या एका डॉक्टरांनी फ्लुऑक्सेटिन ही डिप्रेशनची गोळी सुरू केली, माणूस वाईट नव्हता, ओपीडीत गर्दी होती, दोन मिनिटांत चिठ्ठी लिहिली आणि महिन्याने या म्हणाले. अकराव्या दिवशी पहाटे तीनला माझ्या बहिणीला भांड्यांचा आवाज आला. स्वयंपाकघरात जाऊन बघते तर पोरीने मांडणीवरचे सगळे डबे खाली घेतलेले, एकेक पुसून, जुन्या वहीची पानं कापून त्यावर स्केचपेनने नावं लिहून चिकटवत बसलेली. हरभरा डाळ, तूरडाळ, शेंगदाणे कूट. चेहरा असा लख्ख, गाणं गुणगुणतीये, आणि आईला म्हणाली, आई मी झोपलेच नाही आणि मला काही वाटतच नाहीये, आपण मसाल्याचा धंदा काढू, मी सगळा हिशोब केलाय.

बहीण काय करणार, तिने देवापुढे साखर ठेवली. चार महिन्यांनी पोर हसली होती हो. सकाळी मला फोन, म्हणाली ताई पोरगी माणसात आली बघ. आणि मीसुद्धा म्हणाले, चला, औषध लागू पडलं. पुढच्या नऊ दिवसांत काय काय झालं ते सगळं लिहीत नाही. दोन-तीन तासांची झोप, अखंड बडबड, बोलता बोलता विषय असा उडी मारायचा की समोरच्याला पत्ता लागू नये, वर्गात बाईंना उलट उत्तरं, वडिलांनी अडवलं म्हणून त्यांच्या अंगावर धावून जाणं, आणि शेवटी दप्तरात चार कपडे आणि मसाल्याचं डबडं घालून मुंबईला निघालेली पोर एसटी स्टँडवर सापडली. मध्ये एकदा डॉक्टरांना फोन झाला होता, तिकडून उत्तर आलं की सुरुवातीला थोडी एनर्जी वाढते, काळजी करू नका. विसाव्या दिवशी तिला मोठ्या शहरात अॅडमिट करावं लागलं.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट म्हणजे तो पहिला आनंद. कारण ही चूक फक्त आमच्या घराची नाही, या औषधांचा जन्मच तिथून झालाय. 1952 साली न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवर सी व्ह्यू नावाच्या टीबीच्या हॉस्पिटलात इप्रोनियाझिड हे नवं औषध देऊन बघत होते, आपल्या टीबीच्या आयसोनियाझिडचंच भावंड ते. मरणाच्या दारातले पेशंट उठून बसले, खायला लागले, वॉर्डात नाचायला लागले, पेपरात त्यांचे हसरे फोटो छापून आले. तिथून लोकांच्या डोक्यात आलं की औषधाने मन वर येऊ शकतं, आणि डिप्रेशनच्या गोळ्यांचं युग सुरू झालं. खूप मोठी गोष्ट होती ती, कित्येक जीव त्यातून वाचले, ते मी नाकारत नाही. पण त्या फोटोंकडे आज बघताना मनात येतं की त्या नाचणाऱ्यांत कोण बरं होत होतं आणि कोण बरं होण्याच्या पलीकडे चाललं होतं, हे कुणी तपासलं असेल का? 1957 च्या सुमारास इमिप्रामिन हे डिप्रेशनचं औषध आलं आणि डिप्रेशनमधून काही पेशंट सरळ उन्मादात जातात हे डॉक्टरांना लवकरच दिसलं. म्हणजे ही माहिती साठ वर्षांहून जुनी आहे. मग ती सोलापूर जिल्ह्यातल्या एका आईपर्यंत का पोचली नाही, वादच करायचा तर यावर करा ना.

आता त्या रडवेल्या झालेल्या ताईंचं म्हणणं. ते मला अर्ध्याहून जास्त पटतं. डिप्रेशन स्वतःच पोरांचा जीव घेतं, आणि औषधाचा धोका सांगताना न दिलेल्या औषधाचा धोका कुणी सांगत नाही. अमेरिकेत 439 किशोरवयीन मुलांवर झालेल्या एका मोठ्या सरकारी अभ्यासात, 2004 मध्ये निकाल आले त्याचे, बारा आठवड्यांनंतर औषध आणि समुपदेशन दोन्ही मिळालेल्यांपैकी 71 टक्के सुधारले, नुसत्या फ्लुऑक्सेटिनवर 61 टक्के, नुसत्या समुपदेशनावर 43 आणि आत औषधच नसलेल्या खोट्या गोळीवर 35. हे आकडे बघून कुणी म्हणत असेल की गोळ्या कुचकामी आहेत तर तो डोळे मिटून बोलतोय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या औषध नियामकाने ती काळी चौकट छापायला लावली. 24 ट्रायलमधल्या चार हजारांवर मुलांची माहिती एकत्र केल्यावर आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं गोळी घेणाऱ्यांत 4 टक्के आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत 2 टक्के दिसलं होतं, प्रत्यक्ष आत्महत्या एकही नव्हती. इशाऱ्यानंतर मुलांना गोळ्या लिहिणं बऱ्यापैकी कमी झालं, आणि त्याच सुमाराला अमेरिकेत मुलांच्या आत्महत्या वाढल्या. एकामुळे दुसरं झालं का यावर संशोधक अजून भांडतात. पण ताईंची भीती हवेतली नाही, एवढं यातून मला मान्य करावंच लागतं.

पण मग पुढचं पण वाचूया ना. त्या इशाऱ्यात फक्त घाबरवलेलं नव्हतं, त्यात स्पष्ट सांगितलं होतं की गोळी सुरू केल्यावर मुलाला सुरुवातीचे आठवडे वरचेवर बघा. आणि औषधाच्या माहितीपत्रकात हेही आहे की सुरू करण्याआधी बायपोलरचा धोका तपासा, घराण्यात आत्महत्या, बायपोलर, डिप्रेशन आहे का ते सविस्तर विचारा. झालं काय? गोळ्या कमी झाल्या, तपासणीच्या फेऱ्या मात्र म्हणाव्या तशा वाढल्याच नाहीत. जे सोपं होतं ते झालं आणि जे करायचं होतं ते राहून गेलं. त्यामुळे धोका बोलून दाखवल्याने नुकसान झालं हा निष्कर्ष मला अर्धवट वाटतो. नुसता धोका सांगून सोडून दिलं, मग काय करायचं ते कुणी केलंच नाही, नुकसान त्याने झालं. लोकांपासून माहिती लपवून त्यांना औषधावर टिकवून ठेवता येईल असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या बहिणीला विचारावं. तिला जर कुणी सांगितलं असतं की पोर एकदम आनंदी झाली आणि झोपेची गरजच संपली तर त्याच दिवशी कळवा, तर ती काही गोळी फेकून देणार नव्हती. तिने साखर ठेवायच्या आधी फोन केला असता.

डॉक्टर मंडळींचा एक युक्तिवाद असतो आणि तो जास्त ताकदीचा आहे. ते म्हणतात, ट्रायलमध्ये उन्मादाचं प्रमाण फार कमी आहे, आणि ज्या मुलाला गोळीने उन्माद आला त्याच्यात बायपोलर आधीपासून दबा धरून होताच, गोळीने फक्त तो उघडा केला. 2013 मध्ये मानसिक आजारांच्या निदानाची जी अमेरिकन नियमावली आली, तिनेही हेच बऱ्याच अंशी मान्य केलं की औषधाचा असर ओसरल्यावरही उन्माद टिकला तर तो बायपोलरच धरायचा. ठीक आहे. पण ट्रायलमध्ये प्रमाण कमी का आलं ते बघा. मी वर सांगितलेल्या 439 मुलांच्या अभ्यासात बायपोलर असलेली मुलं मुळात घेतलीच नव्हती, चाळून बाजूला काढली होती. चाळून घेतलेल्या मुलांमध्ये धोका कमी दिसला याचा अर्थ चाळणी उपयोगी पडते असा होतो, चाळणीची गरज नाही असा कसा होईल? तालुक्याच्या ओपीडीत ती चाळणी कोण लावतंय? आणि दबा धरून होताच, हे म्हणणं एकदा खरं मानलं तरी तेराव्या वर्षी, शाळेत सगळ्या वर्गासमोर, तयारी नसताना उघडा होणं आणि अठराव्या वर्षी लक्ष ठेवून असलेल्या डॉक्टरांच्या हाताखाली उघडा होणं यात त्या पोरीच्या आयुष्याचा फरक आहे. काहींच्या बाबतीत कदाचित तो उघडा झालाही नसता, कोण सांगणार. त्यातून सगळ्यात वाईट काय होतं, तर अस्वस्थपणा वाढला म्हणजे डोस कमी पडतोय असं समजून डोस वाढवला जातो.

इथे एक बारकावा आहे, घाईत तो निसटतो. गोळी सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत बऱ्याच मुलांना नुसती चुळबुळ होते, चिडचिड होते, एका जागी बसवत नाही. तो उन्माद नसतो, डोस कमी केला की बहुतेक वेळा जातो. आईवडिलांनी फरक कसा ओळखायचा? ओळखायची सगळी जबाबदारी त्यांची नाहीच, पण झोपेकडे बघा एवढं मी सांगेन. ज्याला झोप लागत नाही ते पोर सकाळी थकलेलं, वैतागलेलं असतं. उन्मादातलं पोर तीन तास झोपून ताजंतवानं उठतं आणि त्याला विचारलं तर म्हणतं मला झोप लागतच नाही असं नाही, मला ती नकोच आहे. आणि एक लक्षात ठेवा, फ्लुऑक्सेटिन काही आज बंद केलं आणि उद्या अंगातून गेलं असं होत नाही, त्याला पूर्ण निघून जायला कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे लवकर लक्षात येणं याला इतकं महत्त्व आहे.

आपण हे दुसऱ्या औषधांच्या बाबतीत किती सहज समजून घेतो बघा. ताप आला की अॅस्पिरिन देत होते एके काळी, मग कळलं की फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना दिलं तर रेज सिंड्रोम नावाचा मेंदू आणि यकृताचा भयंकर आजार होऊ शकतो. अमेरिकेत 1980 मध्ये त्याच्या 555 केसेस नोंदल्या गेल्या, इशारे दिल्यावर पुढच्या काही वर्षांत त्या जवळजवळ नाहीशा झाल्या. आपल्याकडे 2011 मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना निमेसुलाइड देण्यावर सरकारने बंदी घातली. आज डेंग्यूच्या सीझनमध्ये गल्लीतली कुठलीही आजी सांगते की बाबा ब्रुफेन देऊ नको, पॅरासिटामॉलच दे. यावरून कुणी तापाची औषधं म्हणजे कंपन्यांचं कारस्थान असं म्हणत नाही, आणि कुणी असंही म्हणत नाही की डेंग्यूचं सांगू नका, लोक ब्रुफेनला घाबरतील. औषध बरोबर पण हे पोर, ही वेळ चुकीची, एवढी समज आपल्याला तापाच्या बाबतीत आहे. मनाच्या बाबतीत आली की ती कुठे जाते?

आता विष म्हणणाऱ्या बाबांकडे वळते. त्यांच्या रागालाही जागा आहे, ती मी झाकणार नाही. पॅरॉक्सेटिन या डिप्रेशनच्या गोळीचा किशोरवयीनांवरचा 2001 मध्ये छापून आलेला एक अभ्यास सांगत होता की औषध गुणकारी आहे आणि मुलांना सोसतं. 2015 मध्ये त्याच मूळ नोंदी दुसऱ्या गटाने पुन्हा तपासल्या तेव्हा ना गुण दिसला ना सुरक्षितता. अमेरिकेत बायपोलरच्या निदानाचंही पीक आलं होतं. 1994-95 मध्ये एक लाख मुलांमागे बायपोलरच्या नावाने डॉक्टरकडच्या साधारण 25 भेटी होत होत्या, 2002-03 मध्ये त्या 1003 झाल्या. चाळीस पट! आजार आठ वर्षांत चाळीस पट वाढत नाही, शिक्का मारणं वाढतं. त्याच लाटेत मॅसॅच्युसेट्समध्ये चार वर्षांची एक मुलगी, अडीच वर्षांची असल्यापासून बायपोलरचं लेबल लागलेली, 2006 मध्ये औषधांच्या अतिरेकाने मेली. हे वाचलं की माझ्याही पोटात कालवतं. म्हणून मी हे स्पष्टच म्हणते की उन्मादाची भीती दाखवून प्रत्येक चिडक्या, हट्टी पोराला बायपोलर ठरवणं हा तितकाच मोठा गुन्हा आहे. बायपोलरमध्ये बदल झटक्याने येतो, काही दिवस, आठवडे टिकतो आणि पोर त्याच्या नेहमीच्या स्वभावापेक्षा वेगळं होतं. जे मूल बारा महिने तिरसट आहे त्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि याच गोंधळामुळे 2013 च्या नियमावलीत तशा मुलांसाठी वेगळं निदान करावं लागलं.

पण यातून विष हे उत्तर निघतं का? बायपोलरवरचं सगळ्यात जुनं आणि अजूनही सगळ्यात भरवशाच्या औषधांपैकी एक म्हणजे लिथियम. ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरने 1949 मध्ये उन्मादाच्या दहा पेशंटवर वापरून त्याबद्दल लिहिलं. साधा क्षार आहे तो, त्यावर कुणाचं पेटंट नाही, आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यात त्याचा हात धरणारी औषधं फार थोडी आहेत. माझी भाची आज त्याच्यावर आहे. सगळ्या गोळ्या विष म्हणून झाडून टाकल्या असत्या तर तिच्यासाठी मागे काय राहिलं असतं, हे मला त्या बाबांनी सांगावं. कंपनी खोटं बोलली म्हणून आजार खोटा ठरत नाही.

आणि हा धोका फक्त डिप्रेशनच्या गोळ्यांचा नाही. दम्यासाठी किंवा किडनीच्या आजारात मुलांना प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देतात, त्यानेही उन्माद येऊ शकतो. पोर एका जागी बसत नाही म्हणून एडीएचडीचं, म्हणजे अतिचंचलपणाचं, औषध सुरू होतं आणि आत बायपोलर असेल तर पंचाईत. स्वीडनमध्ये बायपोलर असलेल्या प्रौढांच्या नोंदींवरून दिसलं की मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध नुसतं दिलं तर पहिल्या तीन महिन्यांत उन्माद कितीतरी पट वाढला, सोबत मूड स्थिर ठेवणारं औषध असेल तर वाढला नाही. म्हणजे परत तेच, औषधाच्या आधी माणूस कोण आहे ते कळायला हवं.

आणि ते कळण्यात सगळ्यात मोठी अडचण डॉक्टर नाहीत. आपण आहोत. भाची अॅडमिट होती तेव्हा तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, घराण्यात कुणाला मनाचा आजार? माझी बहीण म्हणाली नाही, कुणालाच नाही. भाऊजी गप्प. बाईंनी फाईल बंद केली नाही, खुर्ची ओढून त्या आजीजवळ बसल्या आणि म्हणाल्या, आजी, घरात कुणी रात्र रात्र जागायचं का हो? कुणी भरमसाट पैसे उडवले, घर सोडून गेलं, कुणाच्या अंगात यायचं? आजींनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, थोरल्याला बी असंच व्हायचं, रातीतनं उठून सगळ्या घराला चुना द्यायचा. थोरला म्हणजे भाऊजींचा मोठा भाऊ. माझ्या बहिणीला लग्नात सांगितलेलं की तो अपघातात गेला. तो दोनदा मनोरुग्णालयात होता, शॉक दिले होते, आणि त्याने विहीर जवळ केली होती. बहीण तिथेच ओरडली, आधी का नाही सांगितलं? आजी म्हणाल्या, आधीच्या डाक्टरनं कुठं इचारलं? आन् पोरीची जात, उद्या लगीन करायचंय तिचं.

मी आजींना दोष देऊ शकत नाही. ज्या समाजात स्थळ बघताना पहिली चौकशी घराण्यात कुणी वेडं नाही ना अशी होते तिथे कोण सांगेल? पण आईवडिलांपैकी एकाला, सख्ख्या काका-मामाला बायपोलर असणं हा या सगळ्यातला सगळ्यात मोठा सुगावा आहे, आणि आपण तोच पुरून ठेवतो. शुगर आहे का, बीपी आहे का, हे आपण न विचारता सांगतो. बायपोलर आहे का असं विचारलं तर नाही हेच उत्तर येणार, कारण चाळीस वर्षांपूर्वी त्या थोरल्याला कुणी बायपोलर म्हटलंच नव्हतं, डोक्यावर परिणाम झाला म्हणाले, करणी म्हणाले. त्यामुळे विचारायचं ते आजीच्या भाषेत विचारायला हवं, आणि आजीला विचारायला हवं.

यावर रास्त आक्षेप येईल की एवढा वेळ कुणाकडे आहे. देशात एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही, 0.75 हा आकडा नेहमी दिला जातो, आणि 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या 7.3 टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. मुलांचे तज्ज्ञ तर मोठ्या शहरांतच. तालुक्याच्या डॉक्टरने गोळी लिहूच नये असा नियम केला तर हजारो पोरं उपचाराविना राहतील, म्हणून मी तसं म्हणत नाही. पण घरातल्यांना चार प्रश्न विचारायला तज्ज्ञ लागत नाही, नर्स विचारू शकते, आशाताई विचारू शकते, त्या घराची तिला डॉक्टरांपेक्षा जास्त माहिती असते. दहाव्या दिवशी एक फोन करायला एमडी लागत नाही. शंका आली तर डॉक्टरांनी आपल्या ओळखीच्या सायकिअॅट्रिस्टला फोनवर विचारावं, घरच्यांनी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर विचारावं, 2022 पासून तो चालू आहे आणि मराठीत बोलता येतं. गोळीच्या पाकिटासोबत मराठीत एक चिठ्ठी द्यावी, त्यात लिहावं की पोर अचानक फार खूश झालं, झोप निम्म्यावर आली, बोलणं थांबेना, तर महिन्याची वाट बघू नका. महिन्याने या, हे दोन शब्द मुलांच्या बाबतीत तरी चिठ्ठीवरून जायला हवेत.

आणि सुरू करण्याबद्दल इतकं बोलतो तर बंद करण्याबद्दलही बोला. पोर बरं दिसायला लागलं, कुणीतरी सांगितलं की किडनी जाते, की लिथियम एका रात्रीत बंद. तसं एकदम बंद केल्यानेही उन्माद उसळून येतो, हे त्या सभेत एकानेही उच्चारलं नाही. लिथियमला जपावं लागतं हे खरं, रक्तातलं प्रमाण तपासत राहावं लागतं, आणि आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात पाणी कमी पडलं, जुलाब झाले किंवा अंगदुखीला कुणी ब्रुफेन दिलं तर ते प्रमाण चढतं. माझी बहीण हे सगळं आता पाठ असल्यासारखं सांगते, दहावी नापास बाई आहे ती.

तिच्याकडे एक दोनशे पानी वही आहे, फ्रिजवर ठेवलेली. डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे रोज सकाळी ती त्यात पोर किती तास झोपली तेवढं लिहिते, बाकी काही नाही. साडेआठ, आठ, आठ, सव्वासात. यंदा मार्चमध्ये परीक्षेच्या दिवसांत लागोपाठ तीन दिवस पाच-पाच आले. चौथ्या दिवशी पेपरला जायच्या आधी तिने डॉक्टरबाईंना फोन लावला, त्यांनी दोन दिवसांसाठी रात्रीच्या गोळीत बदल सांगितला आणि दहा वाजता दिवा बंद करायला लावला. पोरीने राहिलेले सगळे पेपर दिले. वहीत त्याच्या पुढे लिहिलंय सात, आठ, आठ.